जोडीनं परदेशी निघालात? आधी ‘दुसऱ्या’ व्हिसाचं बघा

ऐकताना आकडे टिपायचे राहून जातात, म्हणून हा भाग लिहून काढलाय. बोलताना जे भरभर निघून गेलं, ते इथं जरा निवांत मांडलंय.

आजचा विषय: नुकतंच लग्न झालेलं जोडपं, गाव शिरूर किंवा दौंड तालुक्यातलं, आणि समोर परदेशातलं एखादं मोठं समुद्रकाठचं शहर. दुबई, सिंगापूर, सिडनी, न्यूयॉर्क, यातलं कुठलंही धरा. पगार किती, भाडं किती, थंडी किती यावर यूट्यूबवर शेकडो व्हिडिओ आहेत. आपण त्यातल्या एकाच गोष्टीवर बोलणार आहोत, जी घरात सगळ्यात शेवटी विचारली जाते: नोकरी एकाला लागली, मग दुसऱ्याचं तिथं काय?

एक ऑफर लेटर, दोन माणसं

समजा, नवरा रांजणगाव एमआयडीसीत डिझाइन इंजिनिअर आहे. बायको शिरूरहून नगर रोडनं खराडीला जाते, सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दोघांचे पगार मिळून घर चालतं, थोडी बचतही होते. आता नवऱ्याला सिंगापूरची ऑफर आली. आकडा रुपयांत बदलून बघितला की सगळे खूश. पेढे वाटून झाले.

पण ऑफर लेटरवर नाव एकाचंच असतं. त्या माणसाला त्या देशाचं सरकार ‘मुख्य अर्जदार’ म्हणतं. दुसरा माणूस त्याच्या आधारावर जातो, म्हणून त्याला ‘डिपेंडंट’ म्हणतात. काल-परवापर्यंत स्वतः कमावणाऱ्या, चार माणसांची टीम सांभाळणाऱ्या मुलीच्या कार्डावर हा शब्द येतो. शब्द सोडून देऊ, पण त्यामागचा नियम सोडून चालत नाही. तिला तिथं नोकरी करता येईल का, कुणाच्या परवानगीनं, किती तास, आणि नवऱ्याची नोकरी गेली तर तिचं काय, हे सगळं त्या दुसऱ्या व्हिसावर ठरतं. आमच्या कोडिंगमध्ये डिपेंडन्सी म्हणतात ना, तसंच. वरचं पॅकेज निघालं की खालचं आपोआप बंद पडतं.

म्हणून हिशोब करताना एका नव्या पगाराची तुलना एका जुन्या पगाराशी करू नका. दोन जुने पगार एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला एक नवा पगार अधिक दुसऱ्या माणसाला काम मिळण्याची खरी शक्यता.

दुसरा माणूस म्हणजे बायकोच, असं नाही

मराठी जोडप्याच्या परदेशवारीची गाजलेली गोष्ट म्हणजे आनंदीबाई आणि गोपाळराव जोशी. गोपाळराव पोस्टखात्यात होते. त्यांनी १८८० मध्ये एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं, त्यात बायकोच्या शिक्षणाबरोबर स्वतःसाठी अमेरिकेत कामाचीही विचारणा होती. त्यांच्या कामाचं जमलं नाही. शेवटी १८८३ मध्ये आनंदीबाई एकट्याच कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या आणि न्यूयॉर्कला उतरल्या. गोपाळराव नंतर गेले. १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. त्या पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. होय, त्याच रमाबाई, ज्यांचं मुक्ती मिशन आपल्या दौंड तालुक्यात केडगावला आहे. पुढच्याच वर्षी, १८८७ मध्ये, आनंदीबाई पुण्यात क्षयानं गेल्या.

ही गोष्ट सांगायचं कारण एवढंच, की जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीच्या जोडप्यातही पुढं बायको गेली आणि मागून नवरा. आज तर नर्सिंग, आयटी, रिसर्च अशा क्षेत्रांत मुलीला आधी संधी मिळणं सर्रास घडतं. मुख्य अर्जदार कोण हे लिंग बघून ठरवू नका. दोघांपैकी कुणाच्या नावावर गेलं तर दुसऱ्याला जास्त मोकळीक मिळते, ते बघून ठरवा.

चार शहरं, चार वेगळे नियम

*दुबई.* इथं कुटुंबाला बोलवायची अट सर्वांत साधी आहे. महिन्याला ४,००० दिरहम पगार, किंवा ३,००० दिरहम आणि राहायची सोय. बायकोसुद्धा नवऱ्याला स्पॉन्सर करू शकते. आलेल्या जोडीदाराला नोकरी करता येते, मात्र त्यासाठी नोकरी देणाऱ्या कंपनीनं वर्क परमिट काढावं लागतं. यात एक फायदा आहे. व्हिसा जोडीदाराच्या नावावर आणि काम दुसऱ्या कंपनीत, त्यामुळं ती नोकरी गेली तरी देश सोडावा लागत नाही. पगारावर इन्कम टॅक्स नाही हे सगळ्यांना माहीत असतं. पण घरभाडं बऱ्याचदा वर्षाचं ठरतं आणि पुढच्या तारखांच्या मोजक्या चेकनं द्यावं लागतं, हे गेल्यावर कळतं. म्हणजे सुरुवातीलाच मोठी रक्कम हाताशी हवी.

*सिंगापूर.* इथं लोक सगळ्यात जास्त फसतात. एजंटनं फसवलेलं नसतं, जुन्या माहितीवर विसंबलेले असतात. पूर्वी डिपेंडंट्स पासवर आलेल्या जोडीदाराला एका साध्या संमतीपत्रावर नोकरी करता यायची. १ मे २०२१ पासून ते बंद झालं. आता जोडीदाराला नोकरी करायची असेल तर स्वतःचा वर्क पास लागतो, म्हणजे त्याच्या पगाराच्या आणि पात्रतेच्या अटी नव्यानं पूर्ण करायच्या. आणि जोडीदाराला नुसतं सोबत आणायला मुख्य माणसाचा ठरलेला मासिक पगार किमान ६,००० सिंगापूर डॉलर लागतो. आईवडिलांना दीर्घ मुदतीसाठी आणायचं असेल तर हाच आकडा १२,००० होतो. सिंगापूरला असलेला मामेभाऊ ‘वहिनीला लगेच जॉब लागेल’ म्हणत असेल, तर त्याला आधी विचारा, तुझी माहिती कुठल्या वर्षाची?

*सिडनी.* ऑस्ट्रेलियात कंपनीनं स्पॉन्सर केलेल्या ४८२ व्हिसावर जोडीदाराचं नाव असेल, तर त्याला कुठल्याही कंपनीत, कितीही तास काम करता येतं. गंमत म्हणजे मुख्य माणूस त्या एका कंपनीला बांधलेला आणि जोडीदार मोकळा! विद्यार्थी म्हणून जाणार असाल तर जरा फरक आहे. कोर्स मास्टर्स किंवा पीएचडीचा असेल तर जोडीदाराला तासांची मर्यादा नाही. बाकी कोर्सना पंधरवड्याला ४८ तास. आणि पुढं गुणांवर आधारित कायमच्या व्हिसासाठी अर्ज केला, तर जोडीदाराचं कौशल्य मूल्यांकन आणि इंग्रजीची परीक्षा यांचे १० गुण मिळतात. नुसत्या इंग्रजीचे ५. म्हणजे इथं दुसरा माणूस ओझं नाही, तो गुण मिळवून देतो. तिथं भाडं आठवड्याच्या हिशोबात सांगतात, हेही लक्षात ठेवा. ६०० डॉलर वाचून महिन्याचं समजू नका. सिडनीत अनामत रक्कम जास्तीत जास्त चार आठवड्यांच्या भाड्याएवढीच घेता येते.

*न्यूयॉर्क किंवा अमेरिकेतलं कुठलंही शहर.* एच-१बी वाल्याचा जोडीदार एच-४ वर जातो. एच-४ वर शिकता येतं, पण नव्यानं गेलेल्याला नोकरी करता येत नाही. मे २०१५ पासून काही एच-४ जोडीदारांना काम करायची परवानगी मिळू लागली, पण मुख्य माणसाच्या ग्रीन कार्डचा ठरावीक टप्पा मंजूर झाल्यावरच. त्याला वर्षं लागू शकतात. त्याउलट कंपनीनं आतल्या आत बदली करून एल-१ वर पाठवलं, तर एल-२ जोडीदाराला काम करता येतं. एकच कंपनी, एकच शहर, फक्त व्हिसाचं अक्षर वेगळं, आणि दुसऱ्या माणसाची पुढची काही वर्षं पूर्ण वेगळी. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलर भरण्याचा आदेश निघाला, त्यामुळं हा रस्ताच अरुंद झालाय.

हे नियम बदलत राहतात. इथं वाचलंत तरी अर्जाच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी साइटवर पुन्हा बघायचं. व्हॉट्सॲप फॉरवर्डवर नाही.

नोकरी गेली तर किती दिवस?

हा प्रश्न शुभ कामात कुणी काढत नाही, पण काढायला हवा. अमेरिकेत एच-१बी वाल्याला नोकरी गेल्यावर साधारण ६० दिवस मिळतात. ऑस्ट्रेलियात ४८२ वर एका वेळी १८० दिवस. सिंगापूरला पास रद्द झाल्यावर ३० दिवसांची मुदत. या मुदतीत दुसरी नोकरी मिळाली नाही तर दोघांनाही निघावं लागतं, कारण दुसऱ्याचा व्हिसा पहिल्यावर उभा असतो.

म्हणून निघायच्या आधी एक रक्कम बाजूला ठेवा, तिला हात लावायचा नाही: दोघांची परतीची तिकिटं, तिथलं तीन महिन्यांचं भाडं, आणि इथं आल्यावर पहिल्या दोन महिन्यांचा खर्च. दुसऱ्या माणसाला तिथं स्वतःच्या हिमतीवर वर्क पास मिळाला असेल, तर एकाची नोकरी गेली तरी घर टिकतं.

कागदपत्रं: कामाची सुरुवात गावातूनच

आता आपल्याकडचं बघू. जोडीदाराच्या व्हिसाचा पाया म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र. लग्नाचा अल्बम, पत्रिका, मंगल कार्यालयाची पावती याला परदेशात किंमत नाही. महाराष्ट्रात ही नोंदणी १९९८ च्या कायद्याखाली होते. गावात असेल तर ग्रामपंचायतीत, शिरूर किंवा दौंड शहरात असेल तर नगरपरिषदेत. अडचण कुठं येते? मुलगा न्हावऱ्याचा, मुलगी केडगावची आणि लग्न चौफुल्याच्या कार्यालयात. तीन गावं, तीन ग्रामपंचायती. म्हणून आधी फोन करून आपली नोंद कुणाच्या हद्दीत होईल ते विचारा, मग साक्षीदार आणि लग्न लावणारे गुरुजी यांच्या सह्यांच्या मागं लागा. ऑफर आल्यावर पळापळ करण्यापेक्षा लग्नाच्या महिन्यातच हे उरकलेलं बरं.

दुसरं म्हणजे नाव. आपल्याकडं लग्नानंतर मुलीचं मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावसुद्धा. मग होतं काय? डिग्री माहेरच्या नावावर, आधार सासरच्या नावावर, पासपोर्ट जुना. परदेशातल्या अधिकाऱ्याला या तीन वेगळ्या बायका वाटतात. नाव बदलणं कायद्यानं सक्तीचं नाही, हे घरच्यांना शांतपणे सांगा. जायची घाई असेल आणि पासपोर्ट माहेरच्या नावावर असेल, तर तसाच ठेवणं सोपं पडतं. बदलायचंच असेल तर राजपत्रात नोंद करून सगळीकडं एकदाच बदला, अर्धवट नको.

तिसरं, कागदावरचे शिक्के. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे. त्या करारातल्या देशांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचा एक अपोस्टिल पुरतो. सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, अमेरिका या करारात आहेत. अमिराती नाही. त्यामुळं दुबईसाठी परराष्ट्र मंत्रालयानंतर अमिरातीच्या दूतावासाचा शिक्का, मग तिथं गेल्यावर त्यांच्या मंत्रालयाचा, आणि प्रमाणपत्राचं अरबी भाषांतर, अशी साखळी लागते. अपोस्टिलची सरकारी फी कागदामागं ५० रुपये आहे. एजंट जे काही हजार सांगतो ते त्याच्या धावपळीचे असतात, हे माहीत असलं की घासाघीस करता येते. प्रत्येक देश अपोस्टिल मागतोच असंही नाही. आधी यादी वाचा, मग पैसे घालवा.

चौथं, आणि हे जवळपास सगळेच विसरतात: दुसऱ्या माणसाची शैक्षणिक कागदपत्रं. मुख्य माणसाची फाइल चकाचक, आणि बायकोच्या मार्कशीट गावच्या कपाटात. तिचे विद्यापीठाचे ट्रान्सक्रिप्ट, अनुभवाची पत्रं, पगाराच्या स्लिपा इथं असतानाच काढून घ्या. ऑस्ट्रेलियात आयटीवाल्यांचं मूल्यांकन एसीएस करते, इंजिनिअरांचं इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया. या संस्थांना जुन्या कंपनीचं सविस्तर पत्र लागतं. तिथं बसून इथल्या एचआरला मेल करत राहण्यात महिने जातात.

आणि एजंटबद्दल दोन शब्द. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या कंपन्यांमधून आखातात जाणाऱ्या आयटीआय-डिप्लोमावाल्या मित्रांसाठी हे खास. परदेशी नोकरीसाठी भरती करणारा एजंट ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते बघा. त्याला कायद्यानं जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. ‘आधी व्हिजिट व्हिसावर दोघं जा, मग बघू’ असं कुणी म्हणालं तर तिथंच उठा. व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदा आहे, आणि अडकतो तो जाणारा, पाठवणारा नाही.

मागं राहिलेलं: जमीन, बँक, मोबाइल

आपल्या भागात बहुतेकांच्या मागं थोडी तरी शेती असते. परदेशात स्थायिक होऊन तुम्ही एनआरआय झालात, तर सातबाऱ्यावर आधीपासून असलेली जमीन तुमचीच राहते, वारसानं आलेलीही चालते. पण एनआरआय असताना नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. ‘तिकडं कमवू आणि शेजारचा तुकडा घेऊ’ असा बेत असेल तर हे आधीच लक्षात घ्या. घरच्यांना मुखत्यारपत्र द्यायचं असेल तर नेमक्या कामापुरतं द्या, सरसकट नको.

बँकेला कळवून साधं बचत खातं एनआरओ करून घ्यायचं, आणि तिकडची कमाई पाठवायला एनआरई खातं उघडायचं. ही खाती दोघांच्या नावानं वेगवेगळी ठेवा. सिंगापूर, अमिराती, ऑस्ट्रेलिया, अमेरिका अशा काही देशांच्या मोबाइल नंबरवर या खात्यांना यूपीआय जोडता येतं. तरी इथलं सिम चालू ठेवा, ओटीपी त्यावरच येतात. बायकोचंही सिम, फक्त नवऱ्याचं नव्हे.

कारण परदेशात गेल्यावर पहिल्या काही महिन्यांत एक गोष्ट हळूच घडते. भाडेकरार नवऱ्याच्या नावावर, बँक खातं नवऱ्याच्या नावावर, वीजबिल, इंटरनेट, सगळं त्याच्या ईमेलवर. यात वाईट हेतू नसतो, त्याच्याकडं ओळखपत्र आधी आलं एवढंच. पण सहा महिन्यांनी दुसऱ्या माणसाकडं त्या शहरात राहत असल्याचा एकही कागद नसतो. म्हणून पहिल्या महिन्यातच भाडेकरारात दोघांची नावं, दोघांची बँक खाती, आणि ज्याचा पासपोर्ट त्याच्याच ताब्यात. ‘सुरक्षित राहावा’ म्हणून दुसऱ्या कुणाकडं नाही. काही बिनसलं, तर भारतीय वकिलातीचा नंबर आणि परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल दोघांनाही माहीत हवं. वापरायची वेळ न येवो.

जायच्या आधी बोलायचे पाच प्रश्न

हे प्रश्न दुसऱ्या माणसानं स्वतः विचारायचे, आणि उत्तरं लिहून घ्यायची.

१. माझ्या व्हिसाचं नेमकं नाव काय आणि त्यावर मला काम करता येतं का?
२. येत नसेल, तर किती काळानं आणि कशावर अवलंबून?
३. तुझी नोकरी गेली तर आपल्याकडं किती दिवस आणि किती पैसे?
४. तोपर्यंत मी काय करणार: शिकणार, परीक्षा देणार, की इथली नोकरी चालू ठेवून सहा महिन्यांनी येणार?
५. नाहीच जमलं तर किती वर्षांनी आपण परत यायचं ठरवतोय?

चौथ्या प्रश्नाला घरातून विरोध होतो. ‘लग्न झालंय, मग वेगळं कशाला राहायचं?’ पण सिंगापूरसारख्या ठिकाणी सहा महिने उशिरा, हातात स्वतःचा वर्क पास घेऊन जाणं, हे पहिल्या दिवशी डिपेंडंट म्हणून जाऊन वर्षभर घरात बसण्यापेक्षा कितीतरी जोडप्यांना परवडेल. निर्णय तुमचा. फक्त तो विमानतळावर नको, घरात, जेवणानंतर, दोघांनी मिळून व्हायला हवा.

तुमच्या ओळखीत कुणी जोडीनं निघायच्या तयारीत असेल तर हा भाग त्यांना पाठवा. आणि हो, दोघांनाही वेगवेगळा पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!